उगवतीकडं तोंड करून उतरवलेलं विमान

आमच्या यजमानांनी विमान पाडलं. लोक 'विमान पडलं' म्हणतात, तो त्यांचा चांगुलपणा. पडतं ते फळ, पिकलं की आपोआप. विमान पाडायला माणूस लागतो. तो चार बुकं शिकलेला लागतो, हट्टी लागतो, आणि खाली ओळखीची माणसं टाळ्या वाजवायला उभी लागतात. आमच्याकडं यातलं काहीच कमी नव्हतं.

आमचं घर उत्रोलीला. मागच्या बाजूला भाताच्या पोत्यांसाठी पत्र्याची शेड आहे. पुण्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन घरी आल्यावर दहाएक वर्षांनी यजमानांनी ती पोती ओसरीवर काढली आणि शेडमध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्या आणून टाकल्या. मला वाटलं, मांडव भाड्यानं द्यायचा धंदा काढतायत. मनात म्हटलं, चला, उशिरा का होईना सुचलं.

"विमान बांधतोय," ते म्हणाले. दुसरा माणूस "मेथी आणली" म्हणेल त्या आवाजात.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. एकाच माणसाचं असतं. जगात लोक घरी विमानं बांधतात आणि उडवतात. ही बघ." त्यांनी मोबाईल माझ्या नाकाला लावला.

"उडवतात ते दिसलं. उतरवतात का?"

"म्हणजे काय! उतरवतात की."

मग मी दुपारी चष्मा लावून त्यांचाच मोबाईल घेऊन बसले. नातवंडांनी मला शोधायचं कसं ते शिकवून ठेवलंय, आणि ते त्यांच्या आजोबांना महागात पडतं. मला दिसलं ते असं: हे घरगुती विमान आभाळात चांगलं घिरट्या घालतं. मग खाली यायला निघतं, हळू होतं, धावपट्टीच्या रोखानं वळतं, आणि त्या शेवटच्या वळणात एक पंख खचतो. बस्स. सगळा प्रवास धडपणे करायचा आणि दारात येऊन तोंडावर आपटायचं. एक झालं, दुसरं झालं, तिसऱ्यालाही तेच. मी मोबाईल उपडा ठेवला.

एवढं बघितल्यावर शहाण्या बाईनं शेडला कुलूप घातलं असतं. मी शिलाईचं मशीन बाहेर काढलं. का, तर पंखाला कापड चढवायचं होतं आणि यजमानांची शिवण बघून माझा जीव कासावीस झाला. उशीला अभ्रा शिवावा तसा मी विमानाला पंख शिवून दिला. वर ते म्हणाले की कापडावरून गरम इस्त्री फिरवली की ते आकसून ताठ बसतं, तर इस्त्रीही मीच फिरवली. "नीट कर हं, कडेला सुरकुती नको," असं ऐकूनही घेतलं. सत्तरीला टेकलेल्या बाईची ही अक्कल. मग विशीत ती किती असेल, याचा हिशोब करायला नको, कारण मला ती मुलगी चांगली आठवते.

माझं माहेर शिवऱ्याचं, हमरस्त्याच्या कडेचं. हे मला बघायला आले ते कुणाची तरी मोटारसायकल मागून, डोळ्यांना काळा गॉगल लावून. अंगणात माझे वडील, दोन चुलते, शेजारचे चार रिकामे गडी, सगळे उभे. आमचं फाटक अरुंद आणि यांचा वेग भलताच. सरळ पुढं जायचं, सावकाश वळून परत यायचं, कुणी काही म्हटलं नसतं. पण सगळे बघत होते ना! यांनी तशीच गाडी वळवली आणि गॉगलसकट उकिरड्यात गेले. उठले, गॉगल पुसला आणि म्हणाले, "रस्ता खराब आहे तुमचा."

खिडकीच्या गजाआड मी उभी होते. दोन वेण्या, दोन लाल रिबिनी, आणि त्या दोन्हींच्या मध्ये काही म्हणजे काही नाही. शेण लागलेल्या त्या माणसाकडं बघून मला काय वाटावं? की, किती धाडसी! वडील म्हणत होते, "जरा थांबू, दुसरं स्थळ बघू." ही बया दोन दिवस जेवली नाही. ती मुलगी आज मला भोरच्या बाजारात भेटली तर मी तिच्या रिबिनी सोडून तिचे हात बांधीन आणि आईच्या हवाली करीन. पण ती भेटत नाही. आरशात जी भेटते ती इस्त्री करून देते.

तर विमान तयार झालं. उडवायला जागा मिळाली ती वेल्ह्याकडं. तिथं एकानं डोंगराचा माथा सपाट करून प्लॉट पाडले होते. कमान उभी केलेली, आतून लांबच लांब सरळ डांबरी रस्ता, दोन्ही कडेला नंबर टाकलेले दगड, आणि घर एकही नाही. हा प्लॉटवाला पन्नाशीचा, पांढरे बूट घालणारा, यजमानांना 'काका' आणि मला 'काकी' म्हणणारा. पहिल्याच दिवशी त्यानं विमान बघितलं आणि त्याचे डोळे असे चमकले की मला त्याची दयाच आली.

"काका, आपला रस्ता तुमचाच. कधीबी या. पुण्याच्या पार्टीला सांगतो, हितं विमान उतरतंय."

"परवानगी लागंल ना त्याला?" मी विचारलं.

"होऊन जाईल की, काकी," तो म्हणाला. या माणसाच्या आयुष्यात सगळंच 'होऊन जाईल'मध्ये होतं.

यजमान कुठंतरी जाऊन थोडंफार उडवायला शिकून आले होते. पंख सोडवून, टेम्पोत घालून विमान नसरापूरवरून वर नेलं, आणि महिनाभर ते अधूनमधून तिथं उडवून आले. उतरवलंही. हे मी कबूल करते, कारण मला त्यांची चेष्टा करायची आहे, त्यांच्यावर खोटं घालायचं नाही. तिथं वारा मावळतीकडून येतो. ते वाऱ्याला तोंड देऊन, म्हणजे मावळतीकडं तोंड करून उतरायचे. बघायला कोण? मी, टेम्पोवाला आणि एक म्हैस. म्हैस तर मान वर करायची नाही. पहिल्यांदा जमलं नाही तर ते परत वर जायचे, पुन्हा एक चक्कर मारून यायचे. आम्हा तिघांपैकी कुणाचीच हरकत नसायची.

मग प्लॉटवाल्यानं कार्यक्रम ठरवला. मांडव, खुर्च्या, लाऊडस्पीकर, वडापाव. पुण्याहून चार गाड्या भरून गिऱ्हाईक. आणि आमच्याकडून थोरल्या वन्सं. म्हणजे यजमानांच्या मोठ्या बहीण. भोरला असतात. त्यांच्या घरात सुई जरी आणली तरी ती कुठल्या तोंडानं आत आली याची चौकशी होते.

"विमान पहिल्यांदा चारचौघांत येतंय," वन्सं म्हणाल्या, "म्हंजे नव्या नवरीसारखंच की. भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, चाकावर पाणी घालायचं, मग कुंकू. मी करते."

"करा की, वन्सं," मी म्हटलं. "फक्त पंखा थांबल्याशिवाय जवळ जाऊ नका. न्हाई तर तुमचाच तुकडा व्हायचा."

"तुला चेष्टाच सुचते." मग भावाकडं वळून, "आरं, ते येणार कुठल्या तोंडानं?"

यजमान म्हणाले, "मावळतीकडं. वारा तिकडनं असतो."

वन्संनी कानावर हात ठेवले. "मावळतीकडं तोंड करून कुणी घरी येतं व्हय रे? त्या तोंडानं माणूस जातो. येणारा उगवतीकडं तोंड करून येतो."

"वारा मागनं येईल, आक्का. तसं उतरत नसतात."

"आपल्या आईनं तुझ्या बायकोला त्याच तोंडानं घरात घेतली. काही वाईट झालं का?"

मी याच्यावर बोलायला तोंड उघडलं होतं. पण प्लॉटवाला मध्ये पडला. "काका, मांडव पण उगवतीच्या टोकाला घातलाय. तुमी तसं आलात तर विमान डायरेक्ट पब्लिककडं तोंड करून येतंय. फोटो लई भारी येत्यात."

यजमानांनी जरा वेळ दोघांकडं बघितलं. त्यांना कळत होतं, हे मी शपथेवर सांगते. मग ते म्हणाले, "वारा हलकाच असतो म्हणा सकाळी."

झालं. वाऱ्याचा निकाल एका बहिणीनं आणि एका मांडवानं लावला.

सकाळी यायचे ते पाहुणे दुपारी आले. तोवर वारा हलका राहिला नव्हता. मांडवाची झालर उडून लोकांच्या तोंडावर येत होती. मी यजमानांना म्हटलं, "अहो, झालर बघा."

"बघतोय," ते म्हणाले आणि हेल्मेटचा पट्टा ओढला. माझ्याकडं बघितलं नाही.

ते वर गेले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक चक्कर झाली, दुसरी झाली. लाऊडस्पीकरवर प्लॉटवाला 'उंच भरारी' वगैरे जे बोलत होता ते मी लिहीत नाही, वाचणाऱ्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. मग विमान खाली यायला लागलं. वन्सं तांब्या आणि ताट घेऊन रस्त्याच्या कडेला सरसावल्या. एका हातात भाकरीचा तुकडा.

मावळतीच्या बाजूनं ते वळायला लागले. वारा पाठीवर. मला दुरून दिसत होतं की ते रस्त्याच्या पलीकडं ढकलले जातायत. वळण मोठं पडलं होतं, रस्ता मागं राहिला होता. मी मोठ्यानं म्हटलं, "जा पुढं! परत या!" शेजारच्या खुर्चीतली बाई माझ्याकडं बघायला लागली. ते पुढं गेले नाहीत. त्यांनी वळण आणखी आवळलं. विमानाचं नाक वर आलं, आवाज बसला, आणि आतल्या बाजूचा पंख, मी शिवलेला, इस्त्री केलेला, कोणीतरी खालून ओढावा तसा खचला. मग सगळंच तिरपं होऊन रस्त्याच्या पलीकडं करवंदीच्या जाळीत गेलं.

लाऊडस्पीकर थोडा वेळ तसाच सुरू होता. "...स्वप्न साकार," एवढं बोलून बंद पडला.

मी धावले. या वयात मी धावते हे मलाही माहीत नव्हतं. सगळं आयुष्य मी या माणसाला नावं ठेवत आले, आणि त्या उतारावरून जाताना माझ्या डोक्यात एकच होतं, की आता नावं कुणाला ठेवू? जाळीत पोचले तर ते उलटे लटकलेले, तोंडभर ओरखडे, एक पाय नको तिकडं वळलेला. जिवंत. डोळे उघडे. मला म्हणाले, "वारा खराब होता."

तिथंच मारलं असतं, पण लोक आले.

करवंदीनं वाचवलं त्यांना. जाळी दाट होती, आणि विमानाचं वजन तिथल्या म्हशीपेक्षा कमी. पाय मोडला, दोन बरगड्या गेल्या. पोलीस आले, कागद झाले, तो भाग कंटाळवाणा आहे. वन्सं रस्त्यावर ताट घेऊन तशाच उभ्या होत्या. शेवटी भाकरतुकडा एका कुत्र्यानं नेला. तेवढाच त्या दिवसाचा धड उतरलेला घास.

नंतर पायाला प्लॅस्टर घालून यजमान ओसरीवर पोत्यांच्या शेजारी पडून राहिले आणि भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. प्रत्येकाकडं कारण तयार. पेट्रोलमध्ये पाणी असेल. दृष्ट लागली. इंजिन चिनी असेल. वन्संचं म्हणणं, मी इस्त्री करताना मनात वाईट आणलं असेल. यजमान सगळ्यांना माना डोलावत होते. पाहुणा म्हणेल ते कारण. भोरच्या एसटी स्टँडवर तर एक अनोळखी बाई कुणीतरी काढलेला व्हिडिओ मोबाईलवर दाखवत मला म्हणाली, "आजी, ह्यो येडा बघितला का? विमानातनं कसा पडतोय!"

"बघितलाय बाई," मी म्हटलं. "सकाळी त्याला पेज भरवून आलेय."

हे सगळं मी हसत सहन केलं असतं. पण एक दिवस मी पाणी घेऊन ओसरीवर आले तर यजमान फोनवर बोलत होते. "पंख दुसरा करता येईल. इंजिन शाबूत आहे... हो, हो. पाय बरा होऊ दे. दिवाळीनंतर." मला बघितल्यावर आवाज खाली आणला.

मी तांब्या ठेवला आणि आत गेले. मला आयुष्यात पुष्कळ गोष्टी हव्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याचशा मिळाल्या नाहीत, त्याचं काही नाही. आता मात्र एकच पाहिजे होतं, की हा माणूस पुन्हा त्या नळ्यांमध्ये बसू नये. आणि रडून, उपास करून यातलं काही होत नाही, हे मला माहीत आहे. रडले की ते जास्त शूर होतात.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या खाटेसमोर स्टूल ठेवलं, त्यावर बसले आणि हातात लाटणं उभं धरलं.

"हे काय?"

"दांडा. तुमच्या विमानात असतो तसा. दिवाळीनंतर मी उडवणार. शिकवा मला."

"वेड लागलंय का तुला?"

"तुमच्यासारखंच. बोला, रस्ता डावीकडं आहे, मी वळतेय. आणि वळण मोठं पडलं. आता?"

कारखान्यात माणसांना शिकवण्यात जन्म गेलेला. शिकवायला मिळालं की हे गृहस्थ मरणसुद्धा थोपवतील. उठून बसले, बरगडी धरून.

"दांडा ओढू नकोस. वळण आवळायचं नाही. विमान खालच्या रस्त्यावर चालत नाही, पंखांवरून वारा जातो त्यावर चालतं. वारा मागनं असला की जमीन भराभर पळताना दिसते. वाटतं, आपण लई जोरात आहोत, आणि माणूस वेग कमी करतो. खरं तर वेग नसतोच. त्यात आवळलंस की संपलं. पंख वारा सोडतो."

"मग काय करायचं?"

"काही नाही करायचं. पंख सरळ. इंजिन पूर्ण. रस्ता सोडून द्यायचा, वर जायचं, परत यायचं. साधी गोष्ट आहे."

"साधी आहे?"

"अगदी साधी."

मी लाटणं मांडीवर आडवं ठेवलं. "मग तुम्ही का नाही केली?"

ते प्लॅस्टरवरची धूळ झटकत राहिले. मी गप्प बसले. मला गप्प बसता येतं हे त्यांना बहुतेक त्या दिवशी कळलं.

"आक्का तुकडा घेऊन उभी होती," शेवटी ते म्हणाले. "सगळे उभे होते. परत वर गेलो असतो तर म्हणाले असते, याला जमेना."

"आणि आता काय म्हणतात?"

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. लाटणं घेऊन मी स्वयंपाकघरात आले आणि बडबडत पोळ्या केल्या. चांगल्या झाल्या नाहीत.

पुढच्या रविवारी प्लॉटवाला आला. बरोबर पुण्याचं एक जोडपं, हातात फुलांचा गुच्छ. वन्संही आल्या होत्या, त्यांना याची कुणकुण कशी लागते देव जाणे. ओसरी भरली. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा तो पांढऱ्या बुटांतला माणूस रंगात आला होता.

"हेच ते आमचे काका. पडले, पण हरले न्हाईत. दिवाळीनंतर पुन्हा आपल्याच रस्त्यावर. हो की न्हाई, काका?"

"उडंल की," वन्सं म्हणाल्या. "माझा भाऊ हाय. आणि या टायमाला मी मुहूर्त काढून आणते."

सगळे यजमानांकडं बघत होते. पुण्याची बाई तर हात जोडल्यासारखी बघत होती. हा माणूस आता 'हो' म्हणणार. जन्मभर चारचौघांत त्यानं दुसरं काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

यजमानांनी घसा साफ केला. "मला उतरवता येत नाही," ते म्हणाले.

प्लॉटवाला मोठ्यानं हसला. "काका बी ना!"

"चेष्टा नाही करत. वर जायला येतं. उतरायला येत नाही. आणि लोक बघत असले की मुळीच येत नाही. मी नाही उडणार. ते इंजिन कुणाला शेतात पंपाला लावायचं असेल तर सांगा."

पुण्याच्या गृहस्थानं विचारलं, "मग तो रस्ता?"

"रस्ता झकास आहे," यजमान म्हणाले. "चालत जा. मावळतीकडं तोंड करून गेलात तर घाम येणार नाही, समोरून वारा लागतो."

वन्संनी चहा अर्धा ठेवला आणि उठल्या. "लोकांसमोर असं बोलायचं असतं व्हय?" प्लॉटवाला गुच्छ ठेवावा की न्यावा या विचारात दोनदा वाकला आणि शेवटी घेऊन गेला.

माझ्याजवळ त्या प्रसंगासाठी टोमणे तयार होते, चांगले, जपून ठेवलेले. एकही वापरता आला नाही. कपबशा गोळा केल्या. मागं वळले तर यजमान कुबड्या काखेत घालून उठत होते. त्यांना मागच्या दारी जायचं होतं, आणि मध्ये ओसरीची उंच पायरी होती. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं आधी कुबड्या खाली, मग पाय. त्यांनी पहिल्यांदा कुबड्या टाकल्या त्या वाकड्या पडल्या. ते थांबले. परत वर घेतल्या. पुन्हा टाकल्या.

"सावकाश," मी म्हटलं. "हितं कोणी बघत नाही."

"तू बघतेस की."

"मी कसली बघते," मी म्हटलं, "मला मोतीबिंदू आहे."